सम कुठे येते? प्रॉम्सच्या पहिल्या रात्रीपूर्वी थोडी तयारी



येत्या शुक्रवारी, म्हणजे १८ जुलै २०२५ रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 'प्रॉम्स' सुरू होत आहेत. १३ सप्टेंबरपर्यंत, आठ आठवडे, जवळजवळ रोज मोठ्या वाद्यवृंदाची मैफल असते आणि प्रत्येक मैफल बीबीसी रेडिओ ३ वरून थेट प्रसारित होते. इंटरनेटमुळे ती जालन्यात, परतूरला, भोकरदनला, कुठेही ऐकता येते. तिकडे याला उन्हाळी महोत्सव म्हणतात. आपल्याकडे आषाढ चाललाय, आणि सगळ्या जिल्ह्याचे डोळे आभाळाकडे आहेत. लंडनमध्ये संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा झालेले असतात. म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन रात्री जागरणाच्या.

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी आम्हाला सरळच विचारलं, "सर, हे सगळं ठीक आहे, पण हे आपलं नाही. ते कशाला ऐकायचं?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला आदरानं उत्तर द्यायला हवं. आजचं व्याख्यान म्हणजे ते उत्तर आणि शुक्रवारची तयारी, दोन्ही एकदम. आमचं म्हणणं थोडक्यात असं, की संगीत आपलं होतं ते जन्मानं नाही. आपण ते कसं धरून ठेवतो आणि त्याची वाट कशी पाहतो, यानं ते आपलं होतं. आता हे नीट उलगडून बघू.

आधी या प्रॉम्सचा जन्म. 'प्रॉम' हे 'प्रॉमिनाड'चं लघुरूप. प्रॉमिनाड म्हणजे फेरफटका. पूर्वी लंडनच्या बागांमधून संगीत चालू असायचं आणि लोक फिरत फिरत ऐकायचे. १० ऑगस्ट १८९५ रोजी क्वीन्स हॉलमध्ये अशी पहिली मैफल झाली. योजना सभागृहाचे व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन यांची आणि संचालन २६ वर्षांच्या हेन्री वूड यांचं. उभं राहून ऐकणाऱ्याला तिकीट एक शिलिंग. सुरुवात सोप्या, ओळखीच्या रचनांनी करायची आणि हळूहळू अवघड संगीताकडे न्यायचं, हा न्यूमन यांचा विचार होता. ज्यांना मोठ्या मैफिली परवडत नाहीत त्यांचा कान तयार करायचा होता.

यात एक मजेची गोष्ट आहे. पैसा दिला तो डॉ. जॉर्ज कॅथकार्ट यांनी, आणि ते होते घशाचे डॉक्टर! त्यांनी अट घातली, की वाद्यवृंदाची पट्टी खाली आणायची. इंग्लंडमध्ये त्या काळी पट्टी फार चढी होती आणि गायकांचे गळे बिघडत. आपल्याकडे एखादा गायक काळी पाचमध्ये गाऊन गाऊन गळा बसवून घेतो ना, तसंच. पट्टी उतरवायची तर फुंकीची वाद्यं नवी घ्यावी लागतात. तो खर्चही डॉक्टरांनीच केला.

१९२७ पासून बीबीसीनं ही जबाबदारी घेतली. मे १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळून गेला, तरी त्याच वर्षी प्रॉम्स झाले, अल्बर्ट हॉलमध्ये. तेव्हापासून ते तिथेच आहेत, आणि उभ्यानं ऐकणाऱ्यांचं स्वस्त तिकीट आजही आहे. रेडिओ म्हणजे त्या शिलिंगाच्या तिकिटाचा पुढचा टप्पाच म्हणा. उभं राहायला लंडनलाही जायला नको.

आता आपल्याकडे येऊ. जालन्यात 'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? गणपतीतला मांडव, रंगीत दिवे, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, आणि किशोरकुमार-लताबाईंची गाणी म्हणणारी मंडळी. शब्द तिकडचा, पण अर्थ अगदी आपला झाला. लग्नाच्या वरातीतला बँड घ्या. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम ही सगळी वाद्यं लष्करी बँडमधून आली आणि नवरदेवापुढे नाचायला लागली. हे परकं आहे असं वरातीत कुणी म्हणत नाही.

चित्रपटसंगीतात तर हे फार खोल गेलंय. १९५०-६० च्या दशकांतल्या गाण्यांमागचा तो व्हायोलिनचा भरलेला ताफा मोठ्या प्रमाणात गोव्याच्या वादकांचा होता. त्यांतले एक अँथनी गोन्साल्विस, गोव्यातल्या माजोर्ड्याचे. प्यारेलालजींचे ते गुरू. १९५८ साली त्यांनी मुंबईत 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मैफल केली. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात प्यारेलालजींनी गुरूंचं नाव अमर केलं, पण ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना हा माणूस खरा होता हे ठाऊक असेल? आणि १९६१ च्या 'छाया' चित्रपटातलं तलत-लताचं ते प्रसिद्ध द्वंद्वगीत. सलील चौधरींनी त्याची चाल मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीच्या सुरुवातीवरून घेतली. म्हणजे आपल्या आई-वडिलांनी मोझार्ट गुणगुणला आहे. नाव माहीत नव्हतं, एवढंच.

आता आकाशवाणीकडे वळू, कारण हा शनिवार-रविवार तिच्यासाठीही महत्त्वाचा आहे. २० जुलै १९५२ रोजी आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. या रविवारी त्याला ७३ वर्षं होतील. त्या वर्षी केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार. १९६२ पर्यंत ते त्या खात्यात होते. १९५२ मध्येच दिल्लीत आकाशवाणीचा 'वाद्यवृंद' उभा राहिला. पंडित रविशंकर आणि टी. के. जयराम अय्यर हे त्याचे सुरुवातीचे संचालक. १९५६ मध्ये रविशंकर आकाशवाणीतून बाहेर पडले आणि बासरीवादक पन्नालाल घोष तिथे आले. 'कलिंगविजय'सारख्या त्यांच्या रचना या वाद्यवृंदासाठीच्या.

त्यांच्यापुढचा पेच समजून घ्या. राग म्हणजे एक रेघ. कलावंत ती रेघ त्या क्षणी, स्वतःच्या मनानं वाढवत नेतो. वीस-पंचवीस वादक एकत्र बसले की प्रत्येकानं मनानं वाढवून कसं चालेल? लिहून काढावं लागतं. लिहिलं की रागाचा मोकळेपणा गेला, नाही लिहिलं तर गोंधळ. या दोहोंमधून वाट काढायचा तो प्रयत्न होता. तो किती साधला यावर जाणकारांत मतभेद आहेत. पण आज त्या रचनांचं नावही कुणी काढत नाही, याची खंत वाटते. तिकडे १८९५ ची परंपरा चालू राहते, आणि आपण १९५२ ची विसरतो.

केसकरांकडून आणखी एक धडा घ्यायचा आहे. त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार केली. लोकांनी चांगलं ऐकावं हा हेतू. झालं काय? लोकांनी सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. न्यूमन यांनी स्वस्त तिकीट ठेवून दार उघडलं, केसकरांनी दुसरं दार बंद केलं. हेतू दोघांचा एकच होता. पण लक्ष हे हुकूम देऊन मिळत नाही, त्याला बोलवावं लागतं. म्हणून आम्हीही कुणाला 'हे ऐकलंच पाहिजे' असं सांगणार नाही.

आणि ती आकाशवाणीची सकाळची धून! तंबोरा आणि त्यावर व्हायोलिन, शिवरंजनीच्या सुरांची. मराठवाड्यातल्या किती घरांची सकाळ त्या धूननं झाली. ही धून वॉल्टर काउफमन यांची मानली जाते. हे ज्यू संगीतकार, आजच्या चेक प्रजासत्ताकात जन्मलेले. हिटलरच्या उदयानंतर १९३४ मध्ये मुंबईत आले आणि पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्यांनी सांभाळला. आता सांगा, ती धून परकी का आपली? 'आपली' असं उत्तर कुणीही क्षणात देईल. ती रोज ऐकली, आणि तिच्यामागून बातम्या येणार, भक्तिगीतं येणार, याची वाट पाहिली, म्हणून ती आपली झाली.

इथे थोडं तत्त्वज्ञान करू. घाबरू नका, थोडंच. एडमंड हुसर्ल या जर्मन तत्त्वज्ञांनी १९०५ साली ग्योटिंगेन विद्यापीठात काळाच्या जाणिवेवर व्याख्यानं दिली. त्यात त्यांनी सुरावटीचंच उदाहरण घेतलं. एका क्षणी एकच सूर वाजत असतो, बरोबर? मागचा संपलेला असतो, पुढचा आलेला नसतो. मग 'आम्ही चाल ऐकली' असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? हुसर्ल यांचं म्हणणं असं, की नुकताच गेलेला सूर पूर्ण गेलेला नसतो. जाणिवेनं तो अजून धरून ठेवलेला असतो. आणि येणाऱ्या सुराकडे मन आधीच झुकलेलं असतं. धरणं आणि झुकणं, या दोहोंमुळे सुटे सूर चाल होतात.

आपल्या माणसाला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. त्याला सम माहीत आहे. तबला चाललाय, गायक आडवातिडवा जातोय, आणि समेवर सगळ्यांची मान एकदम हलते. कारण सगळे मनातल्या मनात तिची वाटच पाहत असतात. आता सिम्फनीत काय होतं? सम सापडत नाही. मग माणूस म्हणतो, "नुसता आवाज आहे." आवाज नसतो. वाट कशाची पाहायची ते माहीत नसतं.

दोन गोष्टी सांगतो, तेवढ्या लक्षात ठेवा. पहिली, षड्जाची. आपल्याकडे तंबोरा लागला की षड्ज ठरला. मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. तिकडे षड्जच प्रवासाला निघतो. रचना एका घरातून निघते, दुसऱ्याच सुराला घर मानून काही वेळ राहते, तिथून तिसऱ्याकडे जाते आणि बहुतेक वेळा शेवटी परत येते. ही परत येण्याची जागा म्हणजे तिथली सम. फक्त ती सोळा मात्रांनी येत नाही, आठ-दहा मिनिटांनी येते. दुसरी गोष्ट, सुरांची गर्दी. आपण एकामागून एक येणारे सूर जोडतो. तिथे एकाच वेळी वाजणारे तीन-चार सूरही एकमेकांशी बोलत असतात. सगळं एकदम ऐकायला जाऊ नका. एका वाद्याचा हात धरा आणि गर्दीतून चाला. जत्रेत लहान मूल करतं तसं.

हे मनात ठेवून शुक्रवारचा कार्यक्रम बघू. वाद्यवृंद बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा, संचालक फिनलंडचे साकारी ओरामो. एक छोटी तुतारीवजा सलामी आहे, आर्थर ब्लिस यांनी हेन्री वूड यांच्या वाढदिवसासाठी लिहिलेली. एरोलिन वॉलन यांची नवी रचनाही आहे, ती त्या रात्री पहिल्यांदाच वाजणार. म्हणजे तिच्यापुढे लंडनचा श्रोता आणि जालन्याचा श्रोता अगदी सारखेच नवखे! उरलेल्या तीन रचनांबद्दल बोलू.

पहिली मेंडेल्सोनची 'हेब्रिडीझ'. १८२९ साली, विशीत असताना, तो स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर गेला. तिथल्या समुद्रानं त्याला एक सुरावट सुचली आणि ती त्यानं घरच्यांना पत्रातून लिहून पाठवली. रचना साधारण दहा मिनिटांची. सुरुवातीलाच खालच्या आवाजातली तंतुवाद्यं एक छोटा, उतरता तुकडा वाजवतात. तो पुन्हा पुन्हा येतो, लाटेसारखा. तो तुकडा पकडा, एवढंच काम. पुढे चेलो एक वर चढणारी सुरावट घेऊन येतात, ती दुसरी पकडा. मग वादळ येईल, षड्ज हलेल, पण उतरती लाट परत येईल. ती ओळखलीत की तुमची मान आपोआप हलेल.

दुसरी, सिबेलियसची व्हायोलिन कॉन्चेर्टो. कॉन्चेर्टो म्हणजे एक वादक पुढे आणि सारा वृंद त्याच्याशी बोलणारा. वाजवणार आहेत जॉर्जियात जन्मलेल्या लिसा बातियाश्विली. सिबेलियसला तरुणपणी मोठा व्हायोलिनवादक व्हायचं होतं, ते जमलं नाही. व्हायोलिनसाठीची ही त्याची एकुलती एक कॉन्चेर्टो. १९०४ मध्ये हेलसिंकीला ती पहिल्यांदा वाजली तेव्हा जमली नाही. त्यानं ती दुरुस्त केली आणि नवं रूप १९०५ मध्ये बर्लिनला रिचर्ड श्ट्राउसच्या संचालनाखाली वाजलं. बघा, हुसर्ल यांची व्याख्यानंही त्याच वर्षीची. रचनेची सुरुवात ऐका. व्हायोलिनं आवाज दाबून, अगदी हळू थरथरत राहतात, आणि त्यावर एकटं व्हायोलिन उगवतं. आपल्या कानाला तंबोरे लागल्याचा भास होईल. मात्र हे तंबोरे पुढे जागा बदलतील, हे लक्षात असू द्या. तिसऱ्या भागात खालून जोरकस ठेका येतो. तिथे पाय हलला तर हलू द्या.

तिसरी आणि सर्वांत मोठी, व्हॉन विल्यम्सची 'सांक्टा सिव्हितास', म्हणजे 'पवित्र नगरी'. वाद्यवृंद, मोठा गायकवृंद आणि शिवाय दूरवरून ऐकू येणारा मुलांचा गायकवृंद. पहिल्या महायुद्धात हा संगीतकार रुग्णवाहिकेच्या तुकडीत होता. रचना पहिल्यांदा सादर झाली १९२६ मध्ये, ऑक्सफर्डला. शब्द बहुतेक बायबलच्या शेवटच्या ग्रंथातले. त्यात बाबिलोन नगरीच्या पतनाचा भाग येतो. तिथे विजयाचा जल्लोष असेल असं आपल्याला वाटतं. पण या संगीतात शोक आहे. युद्ध जवळून पाहिलेला माणूस शत्रूच्या नगरीसाठीही रडतो.

आणि या रचनेच्या आरंभी संगीतकारानं उतारा छापला आहे तो प्लेटोच्या 'फेडो' या संवादातला. विषाचा प्याला घेण्याआधी सॉक्रेटिस मित्रांशी आत्म्याबद्दल बोलतो, तो संवाद. परलोकाचं वर्णन करून झाल्यावर सॉक्रेटिस सांगतो, की हे सगळं मी वर्णन केलं तसंच असेल असा हट्ट शहाण्या माणसानं धरू नये. पण असं काही असेल, असं मानून चालण्याचा धोका पत्करण्याजोगा आहे, कारण तो धोका सुंदर आहे. तत्त्वज्ञानाचा इतका नम्र माणूस दुसरा सापडणं कठीण.

आता एक गंभीर हरकत. कुणी म्हणेल, हे साम्राज्याचं संगीत आहे. हरकत खोटी नाही. १३ सप्टेंबरच्या शेवटच्या रात्री तिथे ब्रिटनच्या वैभवाची गाणी झेंडे हलवत म्हटली जातात. त्यावर खुद्द ब्रिटनमध्येही वाद होतात. त्यानंतर चारच दिवसांनी, १७ सप्टेंबरला, आपण मराठवाडा मुक्तिदिन साजरा करू. निजामाचं राज्य काय होतं आणि त्याच्या पाठीशी कोणती सत्ता होती, हे आपल्या भागाला कुणी शिकवायला नको. ती गाणी सुरू झाली की आवाज बंद करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण मेंडेल्सोन जर्मन, सिबेलियस फिनलंडचा, आणि सिबेलियसचा देश त्या काळी रशियन सम्राटाच्या अमलाखाली होता. प्रत्येक रचनेचा हिशेब वेगळा करावा लागतो. आणि तो ऐकल्यावरच करता येतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या जांब गावी १६०८ साली रामदासस्वामींचा जन्म झाला. त्यांच्या दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती आहे आणि तिची सुरुवात होते श्रवणापासून. त्या समासात ऐकण्याच्या विषयांची लांबच लांब यादी आहे. सांगणं असं, की पुष्कळ ऐकावं, त्यातलं सार घ्यावं आणि असार टाकून द्यावं. घेणं आणि टाकणं दोन्ही ऐकण्यानंतर येतं. 'आपलं नाही' म्हणून आधीच टाकलं तर निवडायला हातात राहिलं काय?

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. शुक्रवारी साडेअकराच्या थोडं आधी मोबाइल चार्ज करून ठेवा. मोबाइलचाच स्पीकर वापरू नका, त्यात खालचे सूर ऐकूच येत नाहीत, आणि मेंडेल्सोनची सुरुवात तर खालच्याच सुरांत आहे. साधा हेडफोनही चालेल. भाग संपल्यावर टाळ्या नाही आल्या तर संपर्क तुटला असं समजू नका, तिथे बरेचदा सगळी रचना संपल्यावरच टाळ्या वाजवतात. सगळी रात्र जागवत नसेल तर पहिल्या दहा मिनिटांची लाट ऐका आणि झोपा. शनिवार-रविवारी पुढच्या मैफिली आहेतच. आणि रविवारी, राष्ट्रीय कार्यक्रमाच्या वाढदिवशी, जमलं तर दिवसा पन्नालाल घोष यांची बासरी ऐका आणि रात्री तिकडचा वाद्यवृंद. दोन्हींत तुम्हाला घरी परतल्यासारखं कुठे वाटलं, एवढं कागदावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी आपण त्या नोंदींपासून सुरुवात करू.